सिस्टरांना विचारा : टाके पिकले, म्हणून भाताला दोष नको

(शासकीय रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ३४ वर्षं काम करून निवृत्त झालेल्या इन्चार्ज सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळचा विषय : ऑपरेशननंतर जखमेत होणारा जंतुसंसर्ग.)

सासूबाईंचं (वय ६१) पोटाच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली. सहाव्या दिवशी टाक्यांतून पू आला. त्यांना मधुमेह आहे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना वरणभात आणि वांग्याची भाजी वाढली होती. नणंद आणि शेजारच्या काकू म्हणतात, त्यानेच पू धरला. माझं चुकलं का? — एक सून, बार्शी

तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे वाक्य घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

भात, वांगं, आंबट, हरभऱ्याची डाळ, अंडं. ‘पू होतो’ म्हणून ताटातून काढलेल्या पदार्थांची ही यादी मी वॉर्डात वर्षानुवर्षं ऐकली. त्यापायी ऑपरेशन झालेली बाई आठ-आठ दिवस पेजेवर राहते आणि जखम भरायला जी प्रथिनं लागतात, नेमकी तीच तिला मिळत नाहीत. माझा जीव तुटायचा. मी डबे उघडून बघायची आणि नातेवाइकांना सांगायची, उद्या येताना उसळ आणा, दूध आणा.

पू होतो जंतूंमुळे. हे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे असतात, आतड्याचं ऑपरेशन असेल तर आतड्यातले, आणि कधी आमच्या हातांवरचे किंवा हत्यारांवरचे. जखम उघडी असते तेव्हाच ते आत शिरतात. नीट शिवलेल्या जखमेच्या कडा एक-दोन दिवसांत वरून मिटतात. म्हणजे तुम्ही वांग्याची भाजी वाढलीत तोवर दार बंद झालेलं होतं. सहाव्या दिवशी दिसलेल्या पुवाची सुरुवात बहुधा ऑपरेशनच्या टेबलावरच झालेली असते.

तुमच्या पत्रात विचारण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे, मधुमेह. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर सासूबाईंची साखर किती होती? ती २०० च्या आत ठेवायला हवी. साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. भात मोजून वाढा, तो साखरेसाठी.

आता करायचं ते असं. जखमेवर हळद, तेल, कुंकू काही लावू नका. सर्जनला दाखवा आणि पुवाची कल्चर तपासणी (त्यातला जंतू वाढवून तो कोणता ते ओळखणं) करा म्हणून सांगा. ताप आला, लाली पसरायला लागली किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी जा. आत जाळी आहे, म्हणून वरून जखम भरली तरी तीन महिने लक्ष ठेवा. अशा वस्तू शरीरात बसवलेल्या असतात तेव्हा संसर्ग उशिराही डोकं वर काढतो.

पुढच्या आठवड्यात गुडघा बदलायचा आहे. केस काढू नका असं दवाखान्यात सांगितलं होतं, पण मला ते बरं वाटेना. मी घरीच ब्लेडने पाय गुळगुळीत केला. आता सांगू की नको? — एक वाचक (वय ५८), नाशिक

आजच फोन करून सांगा. लपवू नका.

तुम्ही केलंत तेच आम्ही कितीतरी वर्षं रोज करत होतो. आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉय मामा साबणाचं पाणी आणि वस्तरा घेऊन वॉर्डात फिरायचे, आणि मी रजिस्टरमध्ये ‘पार्ट प्रिपरेशन झालं’ असं लिहायची. ती आमची स्वच्छता होती. पण वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात, त्यात रात्रभर जंतू वाढतात आणि सकाळी आम्ही नेमकी तिथेच सुरी लावायचो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की वस्तरा कधीच नको. केस तसेच राहू द्यावेत, अगदी अडचण असेल तर मशीनने कापावेत.

तुमच्या हातात आठवडा आहे. ओरखडे भरून येतील. पायावर फोड, पुटकुळी, चिखल्या असतील, दाढ किडलेली असेल, लघवीला जळजळ असेल तर तेही सांगा. कदाचित तारीख पुढे जाईल, तर जाऊ द्या. कृत्रिम सांध्यात शिरलेले जंतू हुसकायला पुन्हा मोठं ऑपरेशन लागू शकतं. नाकातले जंतू तपासून मलम देतात का, तेही विचारा, सांध्यांच्या ऑपरेशनआधी त्याचा उपयोग होतो. तंबाखू, मिशरी, विडी आजपासून बंद. खरं तर चार आठवडे आधी बंद करायला हवी होती. ऑपरेशनच्या आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी साबण लावून स्वच्छ अंघोळ करा. साधा साबण चालतो.

माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं. जखमा छान भरल्या होत्या. महिन्याभराने बेंबीजवळच्या भोकापाशी गाठ आली, ती फुटून पाणी यायला लागलं. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. कल्चरमध्ये काही सापडत नाही. — एक वाचक, सांगली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण अशी गाठ मी पाहिलेली आहे.

एका पावसाळ्यात आमच्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन झालेले चार रुग्ण एकामागून एक परत आले. घरी जाताना सगळे ठणठणीत होते. तीन-चार आठवड्यांनी प्रत्येकाच्या बेंबीजवळच्या भोकाशी तशीच गाठ, तसंच पाणी. नेहमीच्या औषधांना दाद नाही, दोन दिवसांच्या कल्चरमध्ये काही नाही. शेवटी आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी नमुना जास्त दिवस ठेवून वाढवला आणि क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ सापडले. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी अशी त्यांची नावं. ते पाण्यात आणि मातीत राहतात. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाहीत.

मग मॅडम थिएटरमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, दोन ऑपरेशनांच्या मधे तुम्ही काय करता ते मला जसंच्या तसं करून दाखवा. दुर्बिणीची काही हत्यारं ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, उष्णता सोसत नाहीत, म्हणून ती सायडेक्समध्ये, म्हणजे ग्लुटारल्डिहाइडमध्ये, वीस मिनिटं बुडवून ठेवायचो. वीस मिनिटांत नेहमीचे जंतू मरतात. बीजाणू, म्हणजे काही जंतूंची टणक कवचातली रूपं, मरायला दहा तास लागतात, आणि हे चुलतभाऊही चिवट. नंतर औषधाचा अंश जावा म्हणून हत्यारं ट्रेमधल्या पाण्यात खंगाळायची. मॅडमनी विचारलं, हे पाणी कुठलं? मी नळाकडे बोट दाखवलं. तो ट्रे कितीतरी सकाळी मी स्वतः भरला होता. निर्जंतुक केलेली हत्यारं आम्ही आमच्या हाताने पुन्हा जंतूंच्या पाण्यात बुडवत होतो. पकडीच्या बिजागरीत तर आदल्या ऑपरेशनचं रक्त सुकून बसलेलं निघालं, आणि रक्ताखालच्या जंतूंपर्यंत कुठलंच द्रावण पोहोचत नाही.

त्या दिवसापासून नियम बदलला. प्रत्येक हत्यार सुटं करायचं, ब्रशने घासायचं. जे ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ शकतं ते ऑटोक्लेव्हमध्येच, १२१ अंश, १५ पौंड दाब, पूर्ण वेळ. हत्यारांच्या ड्रमवर, म्हणजे डब्यावर, चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्याशिवाय तो उघडायचा नाही. त्या रेघा फक्त उष्णता लागल्याचं सांगतात, म्हणून ठरावीक दिवसांनी जिवंत बीजाणूंची चाचणीही लावायची. खंगाळायला फक्त निर्जंतुक पाणी. सायडेक्सच्या ट्रेवर ते कधी तयार केलं त्याची तारीख. तशी गाठ मी पुन्हा पाहिली नाही. पण त्या चौघांनी महिनोन्‌महिने औषधं घेतली, एकाची गाठ कापून काढावी लागली, आणि ते ओपीडीत आले की माझी मान वर होत नसे.

तुम्ही हे करा. आणखी एक साधा कोर्स घेऊ नका. सर्जनला थेट विचारा, हा क्षयाच्या जातीचा पण क्षय नसलेला जंतू असू शकतो का? गाठीचा तुकडा आणि पू, दोन्ही प्रयोगशाळेत पाठवा आणि चिठ्ठीवर ही शंका लिहायला सांगा, म्हणजे ते नमुना जास्त दिवस ठेवतील. नुसती क्षयाची औषधं अंदाजाने सुरू करू नका, या जंतूंवर त्यातली बरीच चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं दुसऱ्या औषधांच्या जोडीने काही महिने घ्यावी लागतात. धीर धरा, हे बरं होतं. आणि रुग्णालयाला लेखी कळवा. भांडायला नको, पण कळवा. तुमच्या आधी आणि नंतर त्याच हत्यारांनी आणखी कुणाचं तरी ऑपरेशन झालं आहे.

अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी मुलाला एकच इंजेक्शन दिलं. नंतर प्रतिजैविकाची एकही गोळी नाही. हयगय तर नाही ना? — एक वडील, चिपळूण

नाही. अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर हीच योग्य पद्धत. चिरा घेतला जातो त्या क्षणी औषध रक्तात हजर असायला हवं, म्हणून ते आधीच्या दोन तासांत, बहुतेकदा शेवटच्या तासाभरात देतात. टाके घातल्यावर पाच दिवस गोळ्या दिल्या तर संसर्ग टळत नाही, उलट औषधांना न जुमानणारे जंतू पोसले जातात. डॉक्टरांचे आभार माना. गोळ्या लिहून देणं त्यांना सोपं होतं.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑपरेशन चालू असताना सरांचा हातमोजा दिव्याच्या निर्जंतुक नसलेल्या दांड्याला लागलेला मी पाहिला. इतक्या मोठ्या सर्जनना कसं सांगणार? गप्प बसले. तेव्हापासून झोप नाही. — एक विद्यार्थिनी, लातूर

बाळ, झोप येत नाही म्हणजे तू चांगली सिस्टर होणार.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षेची १९ मुद्द्यांची यादी तुमच्या थिएटरच्या भिंतीवर असेल. ती यादी घडवणाऱ्या गटाचं नेतृत्व अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचे वडील आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. जगातल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली तेव्हा जखमेच्या संसर्गाचं प्रमाण ६.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत नवं औषध नाही की नवं यंत्र नाही. चिरा घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, प्रतिजैविक तासाभरात दिलं का ते विचारायचं, आणि हत्यारं निर्जंतुक असल्याचं सिस्टरने सांगायचं. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं की पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडतं, हे मी माझ्या ट्रेनी मुलींत पाहिलं आहे.

सांगताना ‘सर, तुमचं चुकलं’ म्हणायचं नाही. ‘सर, डावा हातमोजा लागला, नवी जोडी देते’ एवढंच, आणि म्हणता म्हणता हातमोज्यांचं पाकीट उघडायचं. पाकीट उघडलेलं दिसलं की हात आपोआप पुढे येतो. बदलायला मिनिटही लागत नाही. पोटाच्या ऑपरेशनमध्ये शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि हत्यारं बदलली तर काय होतं, हे भारतासह सात देशांतल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांवर पाहिलं गेलं आहे. २०२२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरला. हा आकडा पाठ कर. कुणी रागावलं तर शांतपणे सांग.

ज्या रुग्णाच्या वेळी गप्प बसलीस, त्याच्याबद्दल आजच इन्चार्ज सिस्टरांशी बोल. जखमेवर जास्त लक्ष ठेवता येईल. आणि पुढच्या वेळी बोलशील तेव्हा काय झालं, ते मला लिहून कळव.