"तो खरंच बदललाय हे कशावरून ओळखायचं?"

एकदा मोडलेलं नातं परत जोडायचा विचार चालू असतो तेव्हा बहुतेक जण मला हाच प्रश्न विचारतात, मुलीही आणि मुलगेही. मला विचाराल तर या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही, का ते एका केसवरून सांगते. दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गेल्या वर्षी गणेश चवथ झाल्यावर फोंड्याला माझ्याकडे काउन्सेलिंगला एक मुलगी आली, तिशीची, मराठी पेपरात स्पोर्ट्स रिपोर्टर. ज्याच्याशी मोडलेलं तो प्रोफेशनल फुटबॉलर, डिफेन्सला खेळणारा. २०२०-२१ चा आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा सीझन आठवत असेल, कोविडमुळे सगळ्या टीम गोव्यात आणून ठेवलेल्या, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, एवढ्या तीनच ग्राउंडवर नोव्हेंबर ते मार्च अख्खी स्पर्धा झाली, तीही प्रेक्षकांशिवाय. खेळाडू बायो-बबलमध्ये बंद, म्हणजे बाहेरच्या कुणाला भेटणं नाही. हा गोव्याचाच, घर हॉटेलपासून अर्ध्या तासावर, पण घरी पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे दोघांचं सगळं नातं रात्रीच्या फोनवर आलेलं.

एका रात्री तो म्हणाला, गुडघा गेलाय बहुतेक, उद्या एमआरआय आहे, कुणाला बोलू नकोस. दोन दिवसांनी दुसऱ्याच एका पेपरात बातमी. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटलेलं, ऑपरेशननंतर परत खेळायला साधारण नऊ महिने तरी लागतात, त्यात काँट्रॅक्ट त्याच सीझनला संपणारं, ते पुढे वाढलं नाही. त्यानं तिला एकच मेसेज टाकला, "तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं", आणि ब्लॉक केलं. तिनंही काहीच केलं नाही, कारण तिचं म्हणणं, त्यानं विचारलंच कुठे, ठरवूनच टाकलं.

मग इतक्या वर्षांनी वास्कोच्या सप्ताहात, तिथल्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाज्याच्या दुकानासमोर दोघं समोरासमोर. बोलणं सुरू झालं, भेटी सुरू झाल्या, आणि तिची आई म्हणाली, बाय, एकदा पोळलीस ते पुरे नाही गो?

दोघं माझ्याकडे एकत्र यायला लागले तेव्हा त्याचं एकच पालुपद, आधी बातमी कुणी फोडली ते कळू दे. मी त्याला सांगितलं की फिजिओ, रूममेट, एमआरआयचा स्टाफ, ड्रायव्हर, कुणीही असेल, आणि ते आता कळणार नाही, तेव्हा हे कधीच कळणार नाही असं धरून तुला हिच्यासोबत राहता येतं का ते बघ. त्याला ते पटलं नाही. आणि तिसऱ्या सेशनला तीच बोलली. त्याच्या गुडघ्याचं कळलं तेव्हा ऑफिसात पेपरचं पान लावताना ती म्हणाली होती, "तो पुढची मॅच खेळेल असं वाटत नाही." बस एवढंच, गुडघ्याचं नाव नाही. बातमी त्यावरून फुटली की नाही हे तिलाही माहीत नाही, पण ते एक वाक्य ती इतकी वर्षं उराशी घेऊन फिरत होती. तो उठून बाहेर गेला, पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, मला वाटलं संपलं.

दोन आठवड्यांनी आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, त्या रात्री मला काँट्रॅक्टची भीती वाटत होती, तिला फोन करून रडायचं होतं, आणि मी तो मेसेज टाकला."

तिथून खरं काम सुरू झालं. मी विचारलं, उद्या परत गुडघा गेला आणि सकाळी पेपरात बातमी आली तर पहिला फोन कुणाला? तो लगेच, हिलाच. मग काय बोलशील ते आत्ता बोल. पहिल्यांदा निघालं, "तू सांगितलंस काय?" ती जागच्या जागी ताठ झाली. परत. परत. शेवटी म्हणाला, "बातमी आलीय, मला भीती वाटतेय, तू कुठे काय बोललीस काय?" आणि तिनं, जेवढं बोलली असेल तेवढं सगळं, लाज वाटली तरी, तिथल्या तिथे सांगायचं. हे वाचायला सोपं वाटेल, पण आम्हाला दोन सेशन लागली. म्हणून म्हणते, तो बदललाय का यापेक्षा, ज्या प्रसंगानं मोडलं तोच परत आला तर दोघं काय करणार हे विचारा आणि बोलून बघा. मात्र मारहाण, पाळत, पैशांची अडवणूक या कारणानं मोडलं असेल तर हे लागू नाही, तिथे आधी स्वतःची सुरक्षितता, महिलांसाठी १८१ वर फोन करता येतो.

तिनं आपल्या स्पोर्ट्स एडिटरला नात्याबद्दल सांगून टाकलं, त्याच्या क्लबच्या मॅचेस आता ती करत नाही. त्याला ते जास्तच वाटलं होतं, मला नाही, कारण तिची बातमी आणि त्याची भीती एकाच टेबलावर आली की परत तेच होणार.

सध्या तो गोव्यातल्याच लीगमध्ये खेळतो. लग्नाचं अजून ठरलेलं नाही. जानेवारीत तिचा मेसेज आला होता, "त्याच्या गुडघ्याला परत सूज आलीय, मला पहिला फोन केला, मी आईला सांगितलंय आणि ते त्याला लगेच बोलले."