कॉलेजचा पैलवान एमएमएत चालतो का?

प्रश्न: नुसती कुस्ती येणारा माणूस एमएमएत (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे मिश्र लढतीत) टिकतो का हो? तिथं तर ठोसे, लाथा सगळंच चालतं.

उत्तर: टिकतो की! डॅनियल कॉर्मियरचं बघा ना, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा पैलवान, २००१ ची कॉलेज फायनल केल सँडरसनकडून हरला, २००४ च्या ऑलिम्पिकला चौथा, आणि २००८ ला बीजिंगला वजन उतरवायच्या नादात किडन्याच बसल्या, एकही कुस्ती न खेळता परत. एमएमए सुरू केलं २००९ ला, म्हणजे तिशीत! २०१५ ला यूएफसी या एमएमएच्या मोठ्या संस्थेचा लाइट हेवीवेट वजनगटाचा बेल्ट (म्हणजे विजेतेपद), २०१८ ला त्यावरच्या हेवीवेट गटाचाही, दोन्ही एकाच वेळी. गंमत म्हणजे तेव्हा हेवीवेटचा चॅम्पियन स्टिपे मिओचिचला पाडलं ते ठोशानं, पण क्लिंचमधून (एकमेकांना धरलेल्या पकडीतून) सुटता सुटता मारलेल्या. अंगाला अंग भिडलं की पैलवानच तो, तिथं त्याचं घरच!