बेडकाच्या चिकाने कॅन्सर बरा होतो का?

तुम्ही विचारलंय की काकांना तोंडाचा कॅन्सर निघालाय, गावातले एकजण म्हणतात बेडकाचा चीक गुळात घालून द्या, चीनमध्ये तर त्याचं इंजेक्शनच देतात, तर देऊ का. नका देऊ, हात जोडून सांगतो.

माझं दारव्ह्याकडे खेड्यात मेडिकल आहे. मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या, "भाऊ, बेंडकाचा चीक भेटन का तुमच्याजवळ?" नवऱ्याच्या गालात खर्र्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीने, जखम झालेली. तेव्हापासून हा विषय मी मिळेल तिथून वाचतोय.

गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच लोक फसतात. पावसात ओट्यावर येऊन बसतो ना तो खरबरीत अंगाचा बेडूक, त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात, दाबल्या की दुधासारखा चीक येतो. त्यात ब्युफालिनसारखी द्रव्यं असतात. कलकत्ता विद्यापीठात याच बेडकाच्या कातडीचा अर्क ब्लड कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहिला तर पेशी मेल्या, पण त्या प्रयोगशाळेतल्या डिशमधल्या पेशी होत्या.

ही द्रव्यं पेशीतलं सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पंप बंद पाडतात, आणि तोच पंप आपल्या हृदयातही आहे. माझ्या दुकानातली डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी त्याच पंपावर चालते, असते फक्त पाव मिलिग्रॅमची, तरी डॉक्टर बऱ्याचदा आठवड्यात पाचच दिवस लिहून देतात आणि मी पाकिटावर शनिवार-रविवार पेनाने खोडून देतो. गुळातल्या चिकात किती गेलं ते कोण मोजणार? न्यूयॉर्कमध्ये 1993 ते 1995 दरम्यान असलाच पदार्थ असलेलं मर्दानगीचं औषध खाऊन चार माणसं गेली. आणि उंदरांवर गुण आला म्हणतात त्यावरही जाऊ नका, उंदराचा हा पंप या द्रव्यांना फारसा दबत नाही, म्हणून त्याच्या अंगात वाढवलेली माणसाच्या कॅन्सरची गाठ मरते अन् उंदीर ठणठणीत राहतो.

शास्त्रज्ञ यातून वाट काढायला बघतायत. हे द्रव्य बुरशीला नाहीतर झाडाच्या पेशींना खायला घालतात, त्या त्याचा रेणू थोडा बदलून देतात, कुठे एखादा ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड वाढतो, मग त्यातलं कुठलं कॅन्सरच्या पेशी मारतं ते तपासतात. काहींचा जोर टिकतो, काहींचा पार जातो. मला नवल वाटलं ते सदाफुलीचं, आपल्या अंगणातली हो, तिच्याही पेशी या कामाला वापरल्यात, आणि व्हिनक्रिस्टिन हे कॅन्सरचं खरं औषध तिच्यातूनच आलंय.

चीनचं इंजेक्शन म्हणजे हुआचानसू, बेडकाच्या कातडीचा पाण्यातला अर्क. शांघायच्या फुदान विद्यापीठाने अमेरिकेच्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलसोबत स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केमोला जोडून ते दिलं, जास्तीचा फायदा दिसला नाही.

काकांना सेवाग्रामच्या हॉस्पिटलमध्ये न्या नाहीतर नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, या आठवड्यातच. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत बसतंय का ते तिथेच विचारा. आणि चीक आधीच दिला असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, नाडीचे ठोके मंद वाटले किंवा सारखी उलटी होत असेल तर थांबू नका, लगेच निघा.