बाबांना व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यायला लावू का?

*ताई, माझे बाबा गोदीत लॉकगेटवर कामाला आहेत. वय 54. आता गेट कंट्रोल रूममधून चालणार आहे. बाबांना सांगितलंय, ट्रेनिंग घ्या, नाहीतर स्टोअरमध्ये बदली. त्यांना दोन्ही नको आहे. घरात बोलत नाहीत, ताटावरून अर्धवट उठतात. आई म्हणते, व्हीआरएस घ्या आणि देवगडला चला. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. परवा बाबा म्हणाले, "तुमच्यासारख्यांनीच आमचं काम खाल्लं." तेव्हापासून मला झोप नाही. त्यांना व्हीआरएस घ्यायला लावू का? आम्ही क्वार्टर्समध्ये राहतो. गोदीचं नाव छापू नका.*
*– एक मुलगी, शिवडी*

नको लावूस. निदान आत्ता तरी नको.

आधी त्या वाक्याचं बोलू, कारण झोप त्यानेच उडवली आहे. गेट बदलायचा निर्णय तुझा नाही, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नकोस. पण "माझा काय संबंध" म्हणून ते झटकूनही टाकू नकोस. साहेबांना बाबा हे सुनावू शकत नाहीत. आईला सुनावलं तर ती देवगडचा विषय काढते. राहिलीस तू. जिच्यावर हक्क वाटतो तिच्यावरच माणूस असा चिडतो.

बाबा तिथे नेमकं काय करतात, हे घरात कुणी कधी नीट विचारलंय का? मुंबईचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की बातम्यांत सांगतात. ओहोटीला तेच पाणी पार खाली जातं. जहाजाला मात्र धक्क्याशी कायम खोल पाणी लागतं. म्हणून या शहराने गेटाच्या गोद्या बांधल्या. 1880 साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला, 1914 साली अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. आतलं पाणी धरून ठेवायचं आणि आतली-बाहेरची पातळी सारखी झाल्यावरच गेट उघडायचं. पातळी सेन्सर सांगेल, आणि बाबांपेक्षा बिनचूक सांगेल. हे आपण मान्य करायला हवं. पण गेटाच्या फटीत ओंडका अडकलाय, जहाजाच्या मागून एखादी होडी आत घुसतेय, दोर नको तेवढा ताणलाय आणि नेमका त्याच्या वळशात नवखा पोरगा उभा आहे, हे वर्षानुवर्षं तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला आधी कळतं.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात ऑगस्ट 2022 मध्ये दुरून चालवला जाणारा पूल उचलला गेला, तेव्हा त्यावरून एक वृद्ध गृहस्थ चालत होते. चालवणाऱ्याला ते कॅमेऱ्यात दिसले नाहीत. ते पडले आणि गेले. नेदरलँड्समधल्या झांडाममध्ये 2015 साली अशाच दुरून उघडलेल्या पुलावरून पडून एका बाईंचा जीव गेला. दोन्हीकडे पडद्यासमोर माणूस बसलेला होता. म्हणून मला मनापासून वाटतं की ट्रेनिंग बाबांनी घ्यावं. पडद्यावर काय दिसत नाही, हे ज्याला ठाऊक आहे असं कुणीतरी त्या खोलीत हवंच.

यंत्र येऊच नये असं मी म्हणणार नाही. रामेश्वरमजवळच्या पांबनचा 1914 चा जुना रेल्वे पूल बोटींसाठी उघडायचा तर माणसं हाताने लिव्हर फिरवायची. एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा 72.5 मीटरचा भाग मोटरने 17 मीटर वर जातो. त्या लिव्हरवर पुन्हा कुणी खांदे मोडून घ्यावेत, असं मला वाटत नाही. आणि हेही खरं की गेटावरच्या जागा कमी होणार. "काही होणार नाही, बाबा" असं म्हणू नकोस. त्यांना तुझ्याहून जास्त कळतं.

आता तुझं काम. बिघडलं तर काय होईल, हे शोधण्याचाच तुला पगार मिळतो ना? मग वही घेऊन त्यांच्याजवळ बस. उधाणाच्या दिवशी काय वेगळं करता? गेट पूर्ण बसलं नाही हे कशावरून ओळखता? वीज गेली तर पहिला हात कुठे जातो? ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिही. कॉम्प्युटर शिकवायला मात्र बसू नकोस. सध्या त्यांना शिकवणारे पुष्कळ आहेत, विचारणारं कुणी नाही. ती वही घेऊन ते साहेबांसमोर गेले, तर नव्या माणसांना तयार करायचं काम त्यांच्याकडे मागता येईल. मिळेलच याची खात्री मी देत नाही, पण मागायला हातात काहीतरी असेल.

व्हीआरएसबद्दल. पेन्शन, ग्रॅच्युइटी, औषधपाण्याची सोय आणि क्वार्टर कधी सोडायचं, या चारही गोष्टी ऑफिसकडून लेखी घ्या. क्वार्टर गेलं की तुझं काय? मुंबईत भाड्याने राहून तू नोकरी करणार, का रोज कुठून तरी दूरवरून येणार? हा हिशोब तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि आईच्याही बोलण्यात नसावा. तिला देवगड का हवंय, हेही तिला एकटीला विचार. कदाचित ती त्यांच्या अबोल्याला कंटाळली असेल, मुंबईला नव्हे.

युनियनमध्येही विचारा. यंत्रामुळे माणसं कमी होणार असतील तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम 9-अ मध्ये होतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते ठेवलं आहे. अशी नोटीस निघाली का, तिच्यात काय लिहिलंय, हे बाबांनी स्वतः वाचावं. बाहेरून आलेल्या बातमीवर माणूस रोज वेगळं काहीतरी समजून घेतो.

ट्रेनिंगला नाव द्यायची शेवटची तारीख तू लिहिलेली नाहीस. ती आजच विचार. ती उलटली की बाबांपुढे स्टोअर किंवा व्हीआरएस एवढंच उरेल, आणि मग निवड त्यांची राहणार नाही.