वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हरला बफर सापडत नाही तेव्हा

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत मी लिनक्सचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) लिहितो. ट्रॉलरच्या इंजिनाच्या नोंदी ठेवणारा आमचा बोर्ड बोर्ड-फाइलवरून (कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनावरून) डिव्हाइस ट्रीवर (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलवर) आणताना, रिसोर्सच्या, म्हणजे उपकरणाला दिलेल्या मेमरी-भाग व इंटरप्टच्या, सारणीतील तिसरी नोंद, म्हणजे बफर, थेट उचलणारी जुनी ओळ काढून मी तेथे प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स वापरले आणि क्रमांक २ तसाच ठेवला. आता प्रोब (उपकरण सुरू करणारे ड्रायव्हरचे फंक्शन) 'इनव्हॅलिड रिसोर्स' असा संदेश व उणे २२ देऊन थांबतो. २ चा १ केल्यावर सारे चालते, आणि तसे काही बोर्ड मालिम जेटीवरील ट्रॉलरांवर बसलेही आहेत. ही दुरुस्ती खरी आहे का? पुढील बोर्डावर आणखी एक मेमरी-भाग येणार आहे. तो यादीत आधी लिहिला तर चालेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला १ बरोबर आहे. आपल्या जुन्या सारणीत रजिस्टरांचा (उपकरणाच्या नियंत्रण-कप्प्यांचा) मेमरी-भाग, मग इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेला इशारा) आणि मग बफर अशा नोंदी असणार, म्हणून बफर तिसरा. प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स मात्र आपण मागितलेल्या प्रकारच्याच नोंदी शून्यापासून मोजते. मेमरी मागितली की इंटरप्ट मोजणीत येतच नाही. त्यामुळे बफर क्रमांक १ ठरतो, २ वर काहीच सापडत नाही, फंक्शन नल (रिकामा पॉइंटर) परत करते आणि भागावर ताबा सांगून तो मॅप करणारे, म्हणजे ड्रायव्हरला वापरता येईल असा करणारे, डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स ते उणे २२ (अवैध मूल्य) देऊन नाकारते.

ही चूक निदान बोलून दाखवणारी होती. रजिस्टर आणि बफर या दोन्ही ठिकाणी चुकून ० लिहिले असते तर तोच भाग आधीच ताब्यात असल्यामुळे उणे १६ (भाग व्यस्त) ही त्रुटी आली असती. खरा धोका पुढे आहे. अशी त्रुटी टाळण्यासाठी कित्येकजण भागावर ताबा न सांगणारे साधे डेव्हएम_आयओरीमॅप वापरतात. मग प्रोब सुरळीत पार पडतो आणि बफरसाठीचे आकडे नियंत्रण-रजिस्टरांत लिहिले जातात. ही पळवाट कृपया कधीही घेऊ नका. कोणता पत्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे /प्रोक/आयओमेम या फाइलमध्ये रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून पाहावे. इतरांना तेथे पत्त्यांच्या जागी शून्ये दिसतात.

नवा भाग आधी लिहू नये, यादीच्या शेवटी लिहावा. ट्रॉलरवर कर्नल (लिनक्सचा गाभा, ज्यात ड्रायव्हरही येतो) बदलला तरी डिव्हाइस ट्री जुनीच राहू शकते, आणि क्रम बदललेला असेल तर नवा ड्रायव्हर तिच्यातून भलताच भाग उचलेल. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत ट्रॉलर जेटीला लागलेले असतात खरे, पण प्रत्येक बोर्ड उघडून डिव्हाइस ट्री बदलता येईल असे गृहीत धरणे मला सुरक्षित वाटत नाही. म्हणून नव्या डिव्हाइस ट्रीत रेग-नेम्स लिहून भागांना नावे द्यावीत, ड्रायव्हरने आधी प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स_बायनेमने बफर शोधावा, आणि जुन्या ट्रीत नाव नसल्यामुळे तो न सापडल्यासच क्रमांक १ कडे वळावे. लिनक्स कर्नल ५.१ पासून (२०१९) शोधणे व मॅप करणे एकत्र करणारे डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरीमॅप_रिसोर्स उपलब्ध आहे. ते अपयशी ठरल्यास नल देत नाही, त्रुटीचा क्रमांक दडलेला पॉइंटर देते, तेव्हा तपासणी असा पॉइंटर ओळखणाऱ्या इझ_एररनेच करावी.

२ चा १ करणारा बदल आणि नावांची सोय हे दोन स्वतंत्र पॅच (कोडमधील बदलांचे संच) ठेवा. पहिल्यात 'फिक्सेस' या ओळीने मूळ चुकीच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) निर्देश करा, म्हणजे कर्नलच्या जुन्या शाखांत नेमका तेवढाच बदल नेता येईल.