कोपलंड यांच्या ‘होडाउन’ची मुख्य धून त्यांची स्वतःची आहे का?

नाही, ‘होडाउन’ची ती धावती धून अमेरिकी संगीतकार आरन कोपलंड यांची नव्हे, ती ‘बोनापार्ट्‌स रिट्रीट’ नावाची फिडलवरची (लोकसंगीतातल्या व्हायोलिनवरची) जुनी पारंपरिक धून आहे. १९३७ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांनी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फिडलवादक विल्यम स्टेप यांनी केलेलं या धुनेचं वादन लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रित केलं. संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी ते स्वरलिपीत कागदावर उतरवलं, १९४१ मध्ये ते छापलं गेलं आणि कोपलंड यांनी १९४२ च्या ‘रोडिओ’ या बॅलेतल्या (नृत्यनाट्यातल्या) ‘होडाउन’ या भागात ते जवळपास जसंच्या तसं घेतलं. बरेच वादक ही धून संथ, सैन्याच्या कूच-चालीत वाजवत. आपल्या कानात बसलेला नाचरा वेग स्टेप यांच्या वादनातला आहे, त्यामुळे श्रेय देताना त्यांचं नाव गाळू नये. मात्र ‘होडाउन’ एवढ्या एकाच धुनेवर उभं नाही. ‘मिस मॅक्लाउड्स रील’ ही दुसरी पारंपरिक नाचाची धूनही त्यात येते.