संघटनेचं सभासद व्हावं का?

प्रश्न : धायरीत आमची छोटी इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. आरटीईतून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातून, २५ टक्के राखीव जागांवर मोफत शिकणाऱ्या मुलांच्या फीची सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती दोन वर्षं थकल्यामुळे पगार कसेबसे होतात. संस्थाचालकांची एक संघटना सभासद व्हा म्हणते. पण पैसे मिळेपर्यंत २५ टक्क्यांतले नवे प्रवेश देऊ नका, असाही तिचा आग्रह आहे. काय करू?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : ताई, सभासद जरूर व्हा. मी बावीस वर्षं एका विनाअनुदानित शाळेचे हिशेब सांभाळले. प्रतिपूर्तीसाठी एका कार्यालयात एकटा गेलो की ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढंच ऐकून परत यायचो. पुढे चाळीस शाळांचे अर्ज एका गठ्ठ्यात घेऊन गेलो, तेव्हा कुठे कपाटातून आमची फाइल निघाली. बँकेच्या विलीनीकरणात आमचा आयएफएससी कोड बदलला होता. तेवढ्यासाठी अकरा महिने पैसे अडले होते आणि आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं! प्रतिपूर्तीचा दर ठरतो तेव्हाही संघटना हवीच. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असलेला दर करोनाच्या वर्षी ८,००० वर आणला, तिथे एकट्या शाळेचं कोण ऐकणार?

प्रवेश मात्र अडवू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पैसे देणं लागतं ते सरकार. पहिलीत येणाऱ्या पोराकडे तुमची काही बाकी नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने या प्रवेशांतून सूट दिली, तेव्हा बरेच संस्थाचालक सुखावले होते. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचनाच रद्द केली. आमच्याकडे एक रिक्षावाले वडील निवडपत्र दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून आले होते, पावसात भिजू नये म्हणून. त्यांना ‘सरकारकडून पैसे आले की या’ असं सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि ते बरोबरच झालं असं मी आजही मानतो.

तेव्हा वर्गणी भरा, मोर्चाला जा, पण प्रवेशबंदीचा ठराव आला की हात वर करून विरोध करा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. मागणीपत्र वर्षावार, मुलांच्या यादीसकट द्या. पोहोच घेताना शिक्का आणि आवक क्रमांक बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि उद्याच्या उद्या आरटीई पोर्टलवरचा तुमचा बँक तपशील पासबुकाशी ताडून पाहा.